बैठक दुखली की नजर रस्त्यावरून हटते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला आसरा चौकाजवळच्या एका बोळातून त्यांच्या गाडीपुढे एकदम एक तीनचाकी सायकल आली, चालवणारा जमिनीलगत रेललेला होता, करकचून ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे त्यांनी दोन मुद्दे मांडले. एक, अशी रेलून चालवायची सायकल म्हणजे आरामाची चैन. दुसरा, ती गाडीवाल्याला दिसत नाही, म्हणून तिला रस्त्यावर येऊच देऊ नये.

तो सायकलवाला मीच. सोलापुरात अशी दुसरी सायकल माझ्या तरी पाहण्यात नाही, त्यामुळे पत्र वाचताक्षणी ओळख पटली. त्या संध्याकाळी चूक माझी होती आणि त्यांनी वेळेवर ब्रेक लावला म्हणून मी आज हे लिहू शकतो. त्यांची मी जाहीर माफी मागतो. पण ती चूक कशी झाली हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांनी जे दोन मुद्दे वेगवेगळे मांडले, ते माझ्या अनुभवात एकच आहेत.

आधी सायकल कशी आहे ते सांगतो. पुढे दोन चाकं, मागे एक. दोन पुढच्या चाकांच्या मधे, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर बैठक, पट्ट्यांची विणलेली आणि पाठीमागे दोराने ताणलेली. पाठ मागे टेकलेली, पाय समोर लांब केलेले, पेडल पुढच्या दांड्याच्या टोकाला. हँडल दोन्ही मांड्यांच्या बाजूला. इंग्रजीत हिला रिकंबंट म्हणतात. आमच्या गल्लीतली पोरं 'बाजेची सायकल' म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडतं. बसलो की माझं डोकं जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतं.

आता त्या संध्याकाळचं. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतून मी जुळे सोलापूरला घरी चाललो होतो. बैठकीच्या पाठीमागचा दोर दोन दिवसांपासून ढिला पडला होता. उद्या ओढू, परवा ओढू, असं चाललं होतं. ढिल्या बैठकीत माणूस खाली खचतो आणि माकडहाड मागच्या आडव्या नळीला टेकायला लागतं. अर्धा तास मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकत होतो. या सायकलीचा एक मोठा दोष आहे, तो कबूल करतो: साध्या सायकलीवर माणसाचे डोळे पुढच्या चाकापासून फार मागे नसतात. माझ्या सायकलीवर पेडलांचं टोक माझ्या डोळ्यांच्या चांगलं चार फूट पुढे असतं. बोळातून हमरस्त्यावर येताना मला रस्ता दिसायच्या आधी माझे पाय रस्त्यात गेलेले असतात. म्हणून बोळाच्या तोंडाशी मी दर वेळी पूर्ण थांबतो, वाकून दोन्हीकडे बघतो, मग हाताने चाक फिरवत इंचाइंचाने पुढे येतो. त्या दिवशी थांबलो नाही. मी कूस बदलत होतो. माझं सगळं लक्ष माकडहाडात होतं. गाडीचे दिवे अंगावर आले तेव्हा भानावर आलो.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. रात्री अकरा वाजता बॅटरीच्या उजेडात बैठक उतरवली आणि दोर पुन्हा ओवला.

मी पेशाने यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारा, दुरुस्त करणारा कारागीर. टॉवेलच्या मागांवर बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, तरी आठवड्यातून तीन दिवस एका कारखान्यात माग बघायला जातो. जॉबरचं काम म्हणजे दिवसभर मागावर वाकणं. बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवताना वाकायचं, धोटा अडकला की वाकायचं, धागा तुटला की वाकायचं. चौपन्नाव्या वर्षी कमरेची चकती सरकली. तीन आठवडे फळीवर झोपून होतो. त्यानंतर साध्या सायकलीवर बसलो की दहा मिनिटांत कळ पायात उतरायची आणि तळहात बधिर व्हायचे. स्कूटर चालवत होतो, पण सायकल सुटली याचं दुःख फार झालं. चाळीस वर्षांची सवय. माझ्या भाच्याने पुण्यात कोणाकडून तरी ही जुनी सायकल विकत आणली आणि टेम्पोतून पाठवून दिली. पाठीला टेका मिळाला आणि माझ्यापुरती ती कळ थांबली. सगळ्यांचीच थांबेल असं मी म्हणणार नाही, कमरेचं दुखणं ज्याचं त्याचं वेगळं असतं. मी गेली सहा वर्षं ही सायकल चालवतो आहे.

सायकल आली तेव्हा तिच्यावर कडक सालपटासारखी बैठक होती आणि तिच्यावर पातळ स्पंज. बसून बघितल्यावर वाटलं, एवढ्याशा स्पंजाने काय होणार? नव्या पेठेतून चार इंची मऊ स्पंज आणला, वर रेक्झिन शिवून घेतलं. पहिली दहा मिनिटं गादीवर बसल्यासारखं झालं. होटगी रस्त्याने विमानतळापर्यंत जाईस्तोवर स्पंज दबून पापडासारखा झाला आणि खालची कडा टोचायला लागली. मऊ स्पंजाचं हेच होतं. तो वजन पेलत नाही, फक्त बाजूला सरकतो आणि हाड शेवटी कडक भागावरच येऊन टेकतं. त्यात एप्रिल महिना. आपल्याकडचं बेचाळीस अंश ऊन आणि पाठीला रेक्झिन! पाठ घामोळ्यांनी भरली. घरात हिने पंधरा दिवस मुलतानी मातीचा लेप लावला.

मग मला आपला धंदा आठवला. लहानपणी आमच्या घरी नवारीची बाज होती. तिच्यावर उन्हाळ्यात अंगणात झोपलं तरी पाठीखालून वारा खेळायचा. ती बाज ढिली पडली की आजोबा पायथ्याचा दोर ओढून ताठ करायचे. बैठकीच्या दोन नळ्यांमधे मी सुती नवार विणली. पाठ सुकी राहिली. पण आपल्या पहिल्याच पावसाळ्यात नवार भिजली, वाळायला दोन दिवस लागले, वास येऊ लागला, काळे ठिपके पडले आणि मधोमध झोळी झाली. सूत पाणी धरतं, हे टॉवेलवाल्याला कोणी शिकवायला नको होतं. टॉवेलला जो गुण, तो बैठकीला दोष. सुती नवार काढली आणि शाळेच्या दप्तराला लावतात तसली पॉलिएस्टरची दोन इंची पट्टी विणली. ती पाणी धरत नाही, उन्हाने लवकर ताणत नाही. वर एक पातळ सुती टॉवेल टाकतो, घामाला. तो रोज धुतो.

तरीही दुखायचं. मला वाटलं होतं पट्ट्या जितक्या ताठ तितकं चांगलं. सगळ्या पट्ट्या सारख्याच ताणल्या होत्या. एके दिवशी कारखान्यात टॉवेलच्या मागासमोर उभा होतो आणि डोक्यात उजेड पडला. टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. एका बीमचा ताणा ताठ असतो, त्याने टॉवेलचं अंग विणलं जातं. दुसऱ्या बीमचा ताणा मुद्दाम ढिला सोडतात, म्हणून त्याचे फेर वर उठतात, तेच टॉवेलवरचे मऊ घुंगर. दोन्ही सारखे ताणले तर टॉवेल होतच नाही, चादर होते. मी बैठकीचंही तसंच केलं. कमरेच्या खोलगट भागात, म्हणजे जिथे आधार हवा, तिथल्या चार पट्ट्या ताठ. माकडहाडाच्या मागची एक पट्टी काढूनच टाकली, तिथे पोकळी ठेवली. मांड्यांखालच्या पुढच्या दोन पट्ट्या सैल, म्हणजे पेडल मारताना मांडीची शीर दाबली जात नाही. प्रत्येक पट्टी पाठीमागे वेगळ्या दोराने ओवली, कुठलीही एक एकटी घट्ट करता यावी म्हणून. हे करायला मला दोन वर्षं लागली. कोणी अशी सायकल घेणार असेल तर त्याने पैसे नव्या बैठकीत घालायच्या आधी वेळ ताणात घालावा असा माझा सल्ला आहे. ताणाला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

कोनाचंही असंच. फार ताठ बसलं तर सगळं वजन बसायच्या जागेवर येतं. आणि या सायकलीवर पेडल मारताना जे स्नायू काम करतात, त्यांच्यावरच माणूस बसलेला असतो. त्यामुळे तिथे एक वेगळीच जळजळ सुरू होते. साध्या सायकलीवर ती होत नाही. फार रेललं तर वजन पाठीवर पसरतं, जळजळ थांबते, पण मान उचलून धरावी लागते आणि ती अवघडते. मानेला आधार लावला तर खड्ड्यात त्याचे हादरे कवटीत. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मी महिनाभर एकेक अंशाने बैठक हलवली आणि जमिनीशी साधारण चाळीस अंशांवर थांबलो. शर्यतवाले पंचवीस-तीसवर झोपतात. मला झोपायचं नाही, मला मोहोळच्या रस्त्यावर समोरचा खड्डा बघायचा आहे.

पायांचं एक राहिलं. पुढचा दांडा कमी-जास्त लांब करता येतो. टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण लांब केला की गुडघा सरळ व्हावा, पण कंबर पुढे ओढली जाऊ नये. इतकी लांबी बरोबर. दांडा आखूड ठेवला की गुडघे दुखतात, लांब ठेवला की माणूस प्रत्येक फेऱ्याला बैठकीतून पुढे घसरतो. पाय कमरेपेक्षा वर असल्यामुळे सुरुवातीला बोटं बधिर व्हायची. पेडल चवड्याखाली न ठेवता थोडं मागे, तळव्याच्या मध्याजवळ आणलं आणि जड गिअर ओढण्याऐवजी हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवले, तेव्हा ते थांबलं.

आणि हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं: या सायकलीवर पाय मोकळा ठेवू नये. पहिल्याच महिन्यात सात रस्त्याजवळच्या एका गतिरोधकावर माझा उजवा पाय पेडलवरून निसटला, जमिनीला टेकला आणि सायकल पुढे चाललेली असल्यामुळे आडव्या नळीखाली मागे ओढला गेला. वेग कमी होता म्हणून घोटा मुरगळण्यावर निभावलं. वेगात असतो तर हाड मोडलं असतं. त्याच दिवशी चांभाराकडून टाचेला खोळ आणि वर चामड्याचा पट्टा असं करून घेतलं. आता पाय निसटायचा प्रश्नच येत नाही. तीनचाकी असल्यामुळे थांबताना पाय टेकवावाही लागत नाही.

त्या गृहस्थांनी चैन म्हटलं, म्हणून थोडा इतिहास सांगतो. ही सायकल कालपरवाची नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या कारागिराने रेलून चालवायच्या सायकली बनवल्या. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने त्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि ऑस्कर एगचा १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. फोर काही त्या काळचा पहिल्या फळीतला नव्हता. रेललेल्या माणसाला वारा कमी अडवतो, एवढाच फरक. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही सायकल शर्यतींतून बाहेर काढली. ती धोक्याची ठरली म्हणून नव्हे, सायकल कशी असावी याची व्याख्याच त्यांनी नव्याने केली म्हणून. त्यानंतर कितीतरी वर्षं हिच्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. मला आपल्या रस्त्यावरून हिला बाहेर काढलेलं बघायचं नाही, म्हणून एवढं लिहिलं.

आता दुसरा मुद्दा, दिसण्याचा. तो खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. ट्रकच्या केबिनमधला माणूस माझ्या डोक्याच्या कितीतरी वर बसलेला असतो. ट्रकच्या अगदी पुढे किंवा डाव्या कुशीला मी असलो तर तो मला बघूच शकत नाही, त्याची इच्छा असली तरी. म्हणून सिग्नलला मी ट्रकच्या किंवा बसच्या बाजूने पुढे घुसत नाही, त्यांच्या मागे, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतक्या अंतरावर थांबतो. मला त्याचा चेहरा दिसला तर त्याला मी दिसण्याची शक्यता असते.

सायकलीला मागे सहा फुटी लवचिक काठी आहे, तिला भगव्या-पिवळ्या चमकदार कापडाचा तिकोनी झेंडा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दी कितीही असो, नंदीध्वजांच्या काठ्या लांबून दिसतात त्या उंचीमुळेच. झेंडा हलतो, म्हणून अजून लवकर नजरेत भरतो. पण झेंड्याचं कापड फक्त दिवसा कामाचं, हे मला उशिरा कळलं. ते चमकदार रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतात. दिवस मावळला की तेच कापड मळकं दिसतं. रात्री लागते ती परावर्तक पट्टी, जी गाडीच्या दिव्याचा उजेड त्या गाडीकडेच परत पाठवते. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. नुसतं चमकदार जाकीट घालून रात्री निर्धास्त फिरणारे बरेच जण मी बघतो, त्यांना हे सांगावंसं वाटतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. साध्या सायकलीच्या पेडलांवरचे परावर्तक तुकडे मागच्या गाडीवाल्याला वरखाली हलताना दिसतात, माझे पेडल मात्र बैठकीआड पुढे असतात, मागून दिसतच नाहीत. म्हणून तांबडे दिवे दोन: एक बैठकीच्या मागे, एक झेंड्याच्या काठीवर चार फुटांवर. ते दिवसाही चालू ठेवतो. मान वळवून मागे बघता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना आरसे. डोक्यावर हेल्मेट.

गाडीवाल्यांना एकच विनंती. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. माझ्या शेजारून जाताना हातभर जागा सोडली आणि मी खड्डा चुकवायला वीतभर सरकलो, तर त्या एका सेकंदात काहीच करता येत नाही. माझ्या सायकलीला तीन चाकं, तीन वाटा. साधी सायकल दोन खड्ड्यांच्या मधून निघते, माझं एक ना एक चाक खड्ड्यात जातंच, म्हणून मला कधीकधी सरकावं लागतं. फ्रान्समध्ये सायकलीला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे, जर्मनीत तर गावात दीड आणि बाहेर दोन मीटर. आपल्याकडे निदान गाडीचा दरवाजा पूर्ण उघडला तर सायकलीला लागणार नाही इतकी जागा सोडावी. हॉर्न नको, माझे कान तुमच्या बॉनेटच्या उंचीला आहेत.

गेल्या हिवाळ्यात मंगळवेढ्याच्या रस्त्यावरून परतताना अंधार पडत आला होता. रस्त्यावरच उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. ना दिवा, ना पट्टी, ना मागे ठेवलेला दगड. उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर चार-पाच फूट लोंबत होती, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीला. माझ्या दिव्याच्या उजेडात ती टोकं लकाकली. दोन्ही हातांनी ब्रेक दाबले. एकच दाबला असता तर सायकल त्या बाजूला खेचली गेली असती. बैठक जमिनीलगत असल्यामुळे मी पुढे फेकला गेलो नाही. थांबलो तेव्हा ऊस दोन हातांवर होता. ट्रॉलीवाला पोरगा खाली उतरून चाकाजवळ बसला होता, तोही घाबरला. मी त्याला माझ्याकडची परावर्तक पट्टी दिली आणि आम्ही दोघांनी ती मागच्या फळीला बांधली.

त्या दिवशी माझी बैठक आदल्याच रात्री ओवलेली, कोन बरोबर, पाठ टेकलेली. त्यामुळे डोळे रस्त्यावर होते. आसरा चौकात बैठक ढिली होती. माणूस तोच, सायकल तीच.

म्हणून मला ही गोष्ट फक्त माझ्या सायकलीची वाटत नाही. आमच्या पूर्व भागात पाळी सुटली की कितीतरी कामगार सायकलीने घरी जातात. त्यांच्या सायकलींच्या सीटा बघा. स्प्रिंग तुटलेली, कातडं फाटलेलं, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. कितीतरी जणांची सीट इतकी खाली असते की गुडघे छातीशी येतात. बारा तासांच्या पाळीनंतर असा माणूस एका कुशीवर रेलून, मान खाली घालून सायकल हाणतो. तो मागून येणाऱ्या टमटमकडे कसा बघणार? आमच्या कारखान्यातल्या एका पोराची सीट पुढे झुकलेली होती, तो सारखा घसरून सगळा भार हातांवर यायचा आणि हात दुखले की तो एक हात सोडून चालवायचा. मी पाना घेऊन सीट सपाट केली, तीन बोटं वर घेतली. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, हात दुखंना झालेत की." त्यानंतर पाळी बदलायच्या वेळी मी पान्यांचा डबा घेऊन फाटकाजवळ बसायला लागलो. आजवर अकरा सायकलींच्या सीटा नीट केल्या, मागे तांबड्या पट्ट्या चिकटवल्या. मालकांनी पट्ट्यांचे पैसे दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. इतर कारखान्यांच्या फाटकांवरही हे होऊ शकतं. खर्च एका चहाइतका आहे.

दिवाळीनंतर उसाचं गाळप सुरू होईल आणि जिल्ह्याच्या प्रत्येक रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतील. साखर कारखान्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ट्रॉली काट्यावर येते तेव्हा वजनाबरोबर मागची तांबडी पट्टीही बघा. नसेल तर तिथेच लावा, मगच पावती द्या. पोराला रस्त्यावर अडवून दंड करण्यापेक्षा हे सोपं आहे. आणि बाहेर लोंबणाऱ्या उसाला एक तांबडं फडकं बांधायला सांगा.

महापालिकेला एक विनंती: गतिरोधकांवर पांढरे पट्टे मारावेत. रंग उडाला की रात्री कोणाच्याच लक्षात येत नाहीत. आणि आपण, संपादक महाशय, गाळपाच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉल्यांच्या पाठीचे फोटो छापाल का? पट्टी असलेल्याही आणि नसलेल्याही. नंबर झाकून छापा, कोणाला लाजवायचं नाही.

ज्या गृहस्थांनी पत्र लिहिलं त्यांना मी भेटू इच्छितो. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेसात मी सिद्धेश्वर तलावाच्या काठी असतो, झेंड्यामुळे ओळखू येईन. त्यांनी यावं, सायकलीवर बसून बघावं, पाठ नीट टेकते का ते सांगावं. नंतर मी त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसेन, म्हणजे तिथून माझी सायकल किती अंतरावर दिसते आणि कुठे दिसेनाशी होते हे मला कळेल. झेंडा अजून फूटभर उंच करावा लागला तर काठी आणून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त जॉबर
जुळे सोलापूर, सोलापूर